चिलीची चेरी : उत्पादनाचा कल आणि पुढील वाटचाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतील फळांच्या दुकानांत आणि शाहू मार्केट यार्डातील मोजक्या गाळ्यांवर गडद लाल चेरीचे खोके दिसू लागतात. हा माल काश्मीरचा नसतो, कारण काश्मीरची चेरी उन्हाळ्यात येते. तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचा असतो. फळव्यापारी, तासगाव-शिरोळ भागातील द्राक्ष बागायतदार आणि कृषी शाखेचे विद्यार्थी यांच्याकडून या पिकाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

चिलीतील चेरीचे उत्पादन गेल्या दहा वर्षांत किती वाढले?

निर्यातीचे आकडे पाहिले की वाढीचा वेग लक्षात येतो, कारण चिलीत पिकणाऱ्या चांगल्या प्रतीच्या चेरीचा फार मोठा हिस्सा देशाबाहेरच जातो. २०१५-१६ च्या हंगामात ही निर्यात ८० हजार टनांच्या थोडी वर होती. २०१७-१८ मध्ये ती पावणेदोन लाख टनांच्या पुढे गेली, २०२०-२१ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचली आणि २०२२-२३ व २०२३-२४ या दोन हंगामांत चार लाखांच्या थोडे वर रेंगाळली. त्यानंतर २०२४-२५ मध्ये एका वर्षात जवळपास निम्म्याने उडी मारून ती सव्वासहा लाख टनांच्या घरात गेली. लागवडीखालील क्षेत्र ७० हजार हेक्टरांपलीकडे गेले असून चेरी हे आता चिलीतील सर्वाधिक क्षेत्रावरील फळपीक आहे. एकेकाळी ज्या देशाची ओळख द्राक्षे आणि सफरचंदे ही होती, त्या देशात हा बदल एका पिढीच्या आत घडला.

एवढी वाढ नेमकी कशामुळे झाली?

पहिले कारण ऋतूंचे आहे. चिली दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे सप्टेंबरमध्ये चेरी फुलते, ऑक्टोबरच्या अखेरीस तोडणी सुरू होते आणि डिसेंबरात तिला भर येतो. तुर्की, अमेरिका, उझबेकिस्तान, काश्मीर आणि खुद्द चीनमधील बागा त्या काळात पानगळ होऊन उभ्या असतात. दक्षिण गोलार्धातील ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका हे देशही चेरी पिकवतात, परंतु त्यांचा माल चिलीच्या तुलनेत अत्यल्प आहे.

दुसरे कारण चीनचे नववर्ष. चांद्र पंचांगानुसार हा सण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांदरम्यान येतो. लाल रंग तेथे शुभ मानला जातो आणि सणाला एकमेकांच्या घरी फळांची पेटी भेट नेण्याची रीत आहे. त्यामुळे पाच किलोची किंवा अडीच किलोची चेरीची पेटी हळूहळू या सणाचा मानाचा आहेर बनली. चीन आणि चिली यांच्यातील मुक्त व्यापार करार २००६ मध्ये अमलात आला, टप्प्याटप्प्याने आयात शुल्क उतरले आणि चिलीच्या बागायतदारांना जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ खुली झाली.

तिसरे कारण तंत्राचे आहे, आणि आमच्या मते हे सर्वांत कमी चर्चिले जाते. चेरी हे अतिशय नाजूक फळ असून झाडावरून उतरल्यावर ते पुढे पिकत नाही, केवळ खराब होत जाते. तोडणीनंतर काही तासांत बर्फगार पाण्याच्या झोताखाली फळातील उष्णता काढणे, कॅमेऱ्याने प्रत्येक फळाचा रंग, आकार आणि डाग तपासणारी प्रतवारी यंत्रे, आतील हवेचे प्रमाण राखणाऱ्या पिशव्या, आणि शून्य अंशाच्या आसपास अखंड शीतसाखळी, एवढे सगळे जमले तेव्हाच चेरी जहाजाने पाठवणे शक्य झाले. सान आंतोनियो आणि वालपाराइसो या बंदरांतून हाँगकाँग आणि दक्षिण चीनकडे थेट जाणाऱ्या, वाटेत फारसे न थांबणाऱ्या 'चेरी एक्स्प्रेस' जहाजसेवा सुरू झाल्या आणि प्रवास साधारण २२ ते २५ दिवसांवर आला. विमानाने जाणारा माल हंगामाच्या आरंभीच्या चढ्या भावापुरता उरला. चिलीची खरी कमाई बागेइतकीच पॅकहाऊसमध्ये आहे, असे म्हणायला हरकत नाही.

चेरी चिलीत कोणत्या भागात पिकते आणि कोणत्या जाती लावल्या जातात?

मुख्य पट्टा मध्य चिलीत, राजधानी सान्तियागोच्या दक्षिणेस ओहिगिन्स आणि माउले या दोन प्रांतांत आहे. अँडीज पर्वतावरून वितळून येणारे बर्फाचे पाणी, थंड पण फार कडाक्याचा नसलेला हिवाळा आणि कोरडा उन्हाळा ही तेथील जमेची बाजू. लवकर येणाऱ्या जातींत रॉयल डॉन आणि सांतिना, मधल्या व मुख्य हंगामात लॅपिन्स, तर उशिरा येणाऱ्यांत रेजिना या जाती महत्त्वाच्या आहेत. लॅपिन्स ही स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळ धरणारी जात कॅनडात विकसित झाली. रेजिना मात्र जर्मनीची असून तिला परागीभवनासाठी कॉर्डियासारखी दुसरी जात शेजारी लावावी लागते. अलीकडे निम्बासारख्या कमी थंडीत फळ धरणाऱ्या लवकरच्या जातींकडे ओढा वाढला आहे, कारण नोव्हेंबरात बाजारात पोहोचणाऱ्या पहिल्या पेट्यांना वेगळाच भाव मिळतो.

उत्पादन विक्रमी झाले, तर २०२४-२५ मध्ये भाव का कोसळले?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. त्याचे सोपे उत्तर 'आवक जास्त झाली' असे दिले जाते, परंतु ते अपुरे आहे.

२०२५ चे चिनी नववर्ष २९ जानेवारीला आले, म्हणजे आधीच्या वर्षाच्या १० फेब्रुवारीपेक्षा १२ दिवस अगोदर. विक्रीचा काळ आखूड आणि माल मागील वर्षाच्या दीडपट, अशी कात्री तयार झाली. सणाच्या आधी पोहोचण्यासाठी सर्वांनी एकाच वेळी घाई केली आणि जानेवारीच्या पूर्वार्धात कंटेनरमागून कंटेनर उतरू लागले. ग्वांगझूच्या जियांगनान घाऊक बाजारात, जेथे चिलीच्या चेरीचे भाव बऱ्याच अंशी ठरतात, अनेक प्रतींचे दर आधीच्या हंगामाच्या जवळपास निम्म्यावर उतरले. चीनमधील ग्राहकही त्या काळात हात आखडून खर्च करत होता.

त्यात प्रतीचा प्रश्न होता. चेरीचा भाव आकारावर ठरतो आणि व्यापारात जे, डबल जे, ट्रिपल जे अशा प्रतवाऱ्या चालतात; जितके 'जे' जास्त तितके फळ मोठे. झाडावर फळांची संख्या वाढली की फळ लहान राहते, आणि लहान, मऊ फळ स्वस्तात विकले गेले की ते मोठ्या फळाचाही भाव खाली ओढते. तोडणी, पॅकिंग, पिशवी, कंटेनरचे भाडे हे खर्च लहान फळालाही तेवढेच लागतात. परिणामी काही बागायतदारांच्या हाती पेटीमागे खर्चसुद्धा आला नाही, तर ट्रिपल जे पिकवणाऱ्यांनी त्याच हंगामात बरा पैसा केला. सरासरी भावाचा आकडा ही दरी झाकून टाकतो, म्हणून तो जपूनच वाचावा.

समुद्रात अडकलेल्या चेरीच्या जहाजाचे प्रकरण काय होते?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिलीहून निघालेले मर्स्क साल्टोरो हे जहाज इंजिनातील बिघाडामुळे प्रशांत महासागरात अडकले. त्यावर चेरीचे १,३०० हून अधिक कंटेनर होते. जो प्रवास साडेतीन आठवड्यांत संपायचा त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला, सण उलटून गेला आणि माल विक्रीयोग्य राहिला नाही. एकूण निर्यातीत हा हिस्सा लहान होता, त्यामुळे बाजारभाव या जहाजामुळे पडले असे मानणे चूक ठरेल. हा माल बाजारात आला असता तर भाव आणखी दबले असते.

भाव पडले तर बागायतदार लागवड कमी करतील आणि उत्पादन आपोआप घटेल, असे होणार नाही का?

लगेच होणार नाही. उसाची लावण, मग खोडवा, फार तर निडवा घेऊन कोल्हापूरचा शेतकरी रान मोकळे करतो आणि दोन-तीन वर्षांत पीक बदलू शकतो. चेरीच्या झाडाचे तसे नाही. लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते फळ देऊ लागते, सहाव्या-सातव्या वर्षी पूर्ण भरात येते आणि वीस वर्षे उभे राहते. म्हणजेच भाव तेजीत असताना, साधारण २०१७ ते २०२२ या काळात लावलेल्या बागा आता कुठे पूर्ण उत्पादनात येत आहेत. आज एकही नवे रोप लावले नाही तरी पुढील काही वर्षे झाडांची क्षमता वाढतच राहणार आहे.

बदल होतो तो अन्य मार्गांनी. नव्या लागवडीचा वेग मंदावतो, जुन्या आणि कमकुवत बागा उपटल्या जातात, काही ठिकाणी जुन्या खुंटावर नव्या जातीचे कलम चढवले जाते, आणि मोठी फळे मिळावीत म्हणून छाटणी व कळ्यांची विरळणी अधिक कडक केली जाते. यातील शेवटचा उपाय महत्त्वाचा आहे. त्यामुळे हेक्टरी टन कमी होतात, पण पेटीचा भाव सुधारतो. येत्या काळात चिलीचे एकूण टनेज आणि बागायतदाराचे उत्पन्न हे दोन आकडे एकाच दिशेने जातीलच असे नाही.

हवामानाचा धोका किती मोठा आहे?

एका हंगामाचा अंदाज वर्तवताना हवामान हाच सर्वांत अनिश्चित घटक असतो. चेरीच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक थंडी लागते. जातीनुसार सुमारे ७ अंशांखालील पाचशेपासून हजाराच्या पुढेपर्यंत तास मिळाले नाहीत, तर कळ्या एकसारख्या फुटत नाहीत. उबदार हिवाळ्यात चिलीतील बागायतदार हायड्रोजन सायनामाइडची फवारणी करून कळ्या फोडतात. आपल्याकडील द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर डॉर्मेक्सचे पेस्टिंग करतात, ते रसायन हेच.

फुलोऱ्यातील गारठा, विशेषतः सप्टेंबरमधील पहाटेचे दव गोठणे, फळधारणा कमी करते. सर्वांत मोठे नुकसान मात्र तोडणीच्या तोंडावर पडणाऱ्या पावसाने होते. सालीतून आणि देठाजवळच्या खोलगट भागात साचलेले पाणी फळात शिरते, साल ताणली जाते आणि फळ तडकते. पावसानंतर झाडांवरून हेलिकॉप्टर फिरवून पाणी झटकणे, ओळींवर प्लास्टिकचे छत टाकणे असे खर्चिक उपाय तेथे रूढ झाले आहेत. छताखाली फळ लवकर तयार होते, हा दुसरा लाभ. जून आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मध्य चिलीत मोठे पूर आले आणि त्या हंगामात निर्यात वाढली नाही, हे वरच्या आकड्यांतही दिसते.

पाण्याचा प्रश्न दीर्घकालीन आहे. मध्य चिलीत २०१० पासून दीर्घ अवर्षणाचा काळ सुरू झाला. मधल्या काही चांगल्या पावसाळ्यांनी दिलासा दिला असला, तरी डोंगरावरील बर्फाचा साठा पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. नवीन बागा दक्षिणेकडे, अधिक थंड आणि ओल्या भागाकडे सरकत आहेत, परंतु तेथे पावसाचा धोका वाढतो. एक अडचण टाळावी तर दुसरी पुढ्यात येते.

चीनवरील अवलंबन कमी करणे चिलीला जमेल का?

निर्यातीतील दहापैकी साधारण नऊ पेट्या चीनला जातात. या अवलंबनाचा फटका आधीही बसला आहे. जानेवारी २०२१ मध्ये वूशी शहरात आयात चेरीच्या वेष्टनावर करोना विषाणूचा अंश आढळल्याची बातमी पसरली आणि काही दिवसांत चेरीचा उठाव थंडावला.

अमेरिका, ब्राझील, मेक्सिको, युरोप, दक्षिण कोरिया, आग्नेय आशिया आणि भारत या बाजारांत चिलीच्या निर्यातदार संघटना जाहिरातीवर अधिक पैसा लावत आहेत. दिशा बरोबर आहे, पण फरक प्रमाणाचा आहे. सहा लाख टनांतील दहा टक्के माल दुसरीकडे वळवायचा म्हटले तर साठ हजार टन होतात, आणि चीनखेरीज कोणताही एक देश हिवाळ्यात एवढी चेरी सहज रिचवत नाही. शिवाय चिनी ग्राहक मोठ्या फळासाठी जो भाव मोजतो, तो इतरत्र मिळत नाही. म्हणून चीनच्या आतच पसरणे, म्हणजे किनारपट्टीवरील महानगरांतून अंतर्भागातील मध्यम शहरांकडे आणि सणाच्या भेटीवरून रोजच्या खाण्याकडे जाणे, हा मार्ग नव्या देशांपेक्षा लवकर फळ देईल असे आम्हाला वाटते. २०२५ मध्ये भाव पडल्यावर जे नवे ग्राहक चेरीकडे वळले, त्यांतील किती टिकतात, हे त्यासाठी पाहावे लागेल.

सांगली-तासगावच्या द्राक्ष निर्यातीशी ही परिस्थिती तुलनीय आहे का?

अंशतः. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील सीसीसी, याच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली. एका बाजारपेठेच्या एका निर्णयाने हंगाम कसा कोलमडतो, हे तेव्हा या पट्ट्याने अनुभवले.

परंतु आपल्या द्राक्षाला दोन आधार आहेत. देशांतर्गत बाजार प्रचंड आहे आणि भाव पडले तर बेदाणा करता येतो. चिलीची लोकसंख्या दोन कोटींच्या आतबाहेर आहे, ती एवढी चेरी खाऊ शकत नाही. सुकवलेल्या किंवा गोठवलेल्या चेरीला मागणी आहे, पण तिचा भाव ताज्या निर्यातक्षम फळासाठी केलेला खर्च भरून काढत नाही. चेरीला बेदाणा नाही, ही चिलीची मुख्य अडचण आहे.

तुर्कीसारख्या देशांच्या उत्पादनाचा चिलीवर परिणाम होतो का?

थेट फारसा नाही. तुर्की हा दीर्घकाळ जगातील सर्वांत मोठा चेरी उत्पादक मानला गेला आहे, पण त्याचा हंगाम मे ते जुलैचा. एप्रिल २०२५ मधील तीव्र दंवाने तेथील फळबागांचे मोठे नुकसान झाले, तरी त्याची पोकळी चिली भरू शकत नव्हती, कारण तेव्हा चिलीत झाडे हिवाळ्याकडे निघालेली होती. ताजी चेरी सहा महिने साठवता येत नाही.

कोल्हापुरात चिलीची चेरी स्वस्त होईल का?

थोडी होऊ शकेल, पण चीनमधील भाव निम्मे झाले म्हणून येथील भाव निम्मे होत नाहीत. कोल्हापूरला येणारा माल बहुधा वाशीच्या बाजारातून येतो. फळाच्या मूळ किमतीवर जहाजाचे किंवा विमानाचे भाडे, आयात शुल्क, शीतगृह, वाशीची आडत, कोल्हापूरपर्यंतची वाहतूक आणि किरकोळ दुकानातील घट एवढे थर चढतात. नाजूक मालात ही घट मोठी असते आणि दुकानदार ती भावात धरतोच.

भारत आणि चिली यांच्यात मर्यादित सवलतींचा व्यापार करार २००७ पासून अमलात असून २०१७ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली गेली. व्यापक आर्थिक भागीदारी करारासाठीच्या वाटाघाटींच्या कार्यकक्षेवर मे २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. शुल्क किती उतरते यावर आपल्याकडील किरकोळ भाव बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

चिलीची आयात वाढली तर काश्मीरच्या चेरीचे नुकसान होईल का?

भारतातील बहुतांश चेरी जम्मू-काश्मीरमध्ये, गांदरबल, शोपियां, श्रीनगर, बारामुल्ला या जिल्ह्यांत पिकते. हिमाचलाचा वाटा लहान आहे. मखमली, मिश्री, डबल या तेथील परिचित जाती मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत येतात. चिलीचा माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा असल्याने दोघांची गाठ बाजारात पडत नाही. काश्मीरची अडचण वेगळी आहे. फळ मऊ, टिकवण क्षमता कमी आणि महामार्ग बंद पडला की माल वाटेतच जातो. जून २०२५ मध्ये कटरा येथून मुंबईच्या वांद्रे टर्मिनसकडे रेल्वेने चेरी पाठवण्यात आली. ही सोय टिकली, तर उन्हाळ्यातील माल महाराष्ट्रात अधिक ताजा पोहोचेल. उलट हिवाळ्यात चिलीच्या चेरीची सवय झालेला ग्राहक उन्हाळ्यात काश्मीरची मागतो, असेही घडू शकते.

पन्हाळा किंवा गगनबावडा परिसरात चेरीची लागवड शक्य आहे का?

नाही. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच असला, तरी तेथे लागणारी हिवाळी थंडी मिळत नाही, आणि येथील पावसाळ्यात चेरीची मुळे तग धरणे कठीण आहे. रोपवाटिकांत 'चेरी' म्हणून मिळणारी रोपे बहुधा बार्बाडोस चेरी, सुरिनाम चेरी किंवा सिंगापूर चेरीची असतात. ती परसात लावण्यास उत्तम, पण या पिकाशी त्यांचा संबंध नाही.

केकवरची लाल चेरी चिलीहून येते का?

बहुतेक वेळा ती साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेली करवंदे असतात. चिलीच्या निर्यातीशी त्यांचा काही संबंध नाही.

पुढील काही हंगामांत काय अपेक्षित आहे?

उत्पादन चढ्या पातळीवर राहील, परंतु दहा वर्षांपूर्वीसारखी दरवर्षीची भरमसाट वाढ राहणार नाही. एखाद्या वर्षी हवामानामुळे आकडा लक्षणीय खाली आला, तरी तो क्षमता घटल्याचा पुरावा समजू नये. मजुरी, पाणी आणि छताचा खर्च न पेलणाऱ्या लहान बागा प्रथम बाहेर पडतील आणि स्वतःचे पॅकहाऊस असलेल्या मोठ्या कंपन्यांचा वाटा वाढेल, अशी शक्यता अधिक आहे.

भावाचा अंदाज बांधताना टनेजच्या जोडीला चिनी नववर्षाची तारीख अवश्य पाहावी. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला असल्याने विक्रीचा काळ लांब. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला येते, म्हणजे मध्यम. २०२८ मध्ये ते २६ जानेवारीला, २०२५ च्या तारखेपेक्षाही तीन दिवस आधी आहे. तोवर आजच्या तरुण बागा पूर्ण भरात आलेल्या असतील, त्यामुळे चिलीच्या निर्यातदारांची खरी कसोटी २०२७-२८ च्या हंगामात लागेल. भारतीय आयातदारांनी त्या हंगामाचे सौदे करताना जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातील दर आधीच बांधून घेऊ नयेत.